टीहींची लॉरीन

लॉरीनचा भाऊ दहा महिन्यांचा असताना गेला. मेला नाही, गेला. घरात त्याचा विषय निघाला की हाच शब्द वापरायचे आणि ऐकणाऱ्याला तो पुरायचा, कारण स्टिलवेलच्या आसपासच्या डोंगरांतल्या चेरोकी आदिवासींत त्या काळी अशी गेलेली मुलं बऱ्याच घरांत होती.

पोराच्या छातीत कफ भरला म्हणून आई, ऑली टीही, त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. बाप सायमन तेव्हा कॅन्ससमध्ये गव्हाच्या कापणीला गेलेला. ऑलीला चेरोकीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. वेल्फेअरच्या एका बाईनं पुढं केलेल्या कागदावर तिनं अंगठा उठवला. तिला वाटलं, औषधासाठी असेल. पुढच्या आठवड्यात ती पोराला आणायला चालत गेली, तर त्या खाटेवर दुसरंच मूल झोपलेलं. कुणी तिला काय सांगितलं ते तिला कळलं नाही, आणि ती काय ओरडत होती ते तिथल्या कुणाला कळलं नाही.

लॉरीन तेव्हा पाच वर्षांची होती. त्यानंतरची आईच तिला आठवायची. भर जत्रेत, चर्चच्या गाण्यांच्या मेळ्यात, पोरांच्या बॉलच्या सामन्यांत आई माणसांकडं बघायची नाही, मुलांकडं बघायची. आधी चालायला लागलेल्या, मग शाळेच्या वयाच्या, मग मिसरूड फुटलेल्या. भाऊ जसा कुठंतरी मोठा होत होता तशी तिची नजर वर सरकत होती. त्याचं घरचं नाव योना. योना म्हणजे अस्वल. डोकंभर केस घेऊन जन्मला म्हणून. पीठ मळताना, चुलीत लाकूड सारताना ऑली ते नाव तोंडातल्या तोंडात घ्यायची. लॉरीनची वेणी घालायचं काम मात्र सायमनकडं असायचं. तापात कपाळावर हात त्याचा, शाळेच्या नाटकाला हजर तो, उन्हाळ्यात ओढ्यात झिंगे धरायला खांद्यावर बसवून नेणारा तोच. आई लॉरीनला मारायची नाही, बोलायची नाही, उपाशी ठेवायची नाही. नुसती तिच्या अंगावरून नजर फिरवून पलीकडं बघायची.

लॉरीन बाराची असताना सायमन लाकडाच्या वखारीत काम करता करताच मेला. त्यानंतर ऑली तीसेक वर्षं जगली. शेवटच्या आजारात लॉरीननंच तिचं सगळं केलं. भरवताना ऑली तिच्या हाताला धरून म्हणायची, "योना, आलास?" लॉरीन म्हणायची, "आले." आणि चमचा पुढं करायची.

एवढ्यावरही लॉरीननं आईला दोष दिला नाही. तिच्याकडं एक उत्तर होतं आणि त्या उत्तरावर तिनं आयुष्य काढलं होतं: भाऊ गेला म्हणून आई अशी झाली. त्याआधी आई वेगळी असणार. त्याआधी तिनंही आपल्याला मांडीवर घेतलं असणार, आपण लहान होतो म्हणून आठवत नाही. तिनं ती आधीची आई मनात इतकी नीट उभी केली होती की कधी कधी तिला ती आठवतेय असंच वाटायचं.

भाऊ सापडला तेव्हा लॉरीन सासष्ट वर्षांची होती, नवरा जाऊन तिला चार वर्षं झाली होती, आणि शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सोडून ती कोंबड्या पाळून होती. सापडला म्हणजे त्यानंच तिला शोधलं. नाव क्रेग हॉलस्ट्रम. नेब्रास्कात लुथरन पंथाच्या एका गोऱ्या घरात वाढलेला, जन्मभर जमीनमोजणीचं काम करून निवृत्त झालेला. दत्तक घेतलेले आईबाप वारल्यावर त्यानं नळीत थुंकी भरून डीएनए तपासणीला पाठवली, कुणा लांबच्या भावकीशी रक्त जुळलं, आणि तिथून दोन वर्षं एकेक धागा ओढत तो लॉरीनच्या फोनपर्यंत पोचला.

पहिल्यांदा आला तो शरद ऋतूत. गाडीतून उतरला आणि लॉरीन दारातच थांबली. साक्षात सायमन. तेच खांदे, तीच मान थोडी वाकडी करून उभं राहायची तऱ्हा. फक्त सायमनच्या अंगावर असा इस्त्रीचा शर्ट तिनं कधी पाहिला नव्हता.

तो रडला. तिला रडू आलं नाही, पण तिनं त्याला धरून ठेवलं. मग त्याला जेवायला घातलं: मक्याच्या पिठात घेवडे घालून केलेली भाकर, तळलेलं डुकराचं मांस, बटाटे. बर्डीमावशीला मुद्दाम बोलावलं होतं. ती ऑलीची धाकटी बहीण, ऐंशी ओलांडलेली, इंग्रजी जेमतेम दुकानात लागेल एवढी. ती चेरोकीत बोलायची आणि लॉरीन मधे बसून त्याला सांगायची.

"नाव काय म्हणाला?"

"हॉलस्ट्रम."

"हे माणसाचं नाव की ट्रॅक्टरचं?" मावशी म्हणाली. "आणि विचार त्याला, चर्चमध्ये बसल्यासारखा काय जेवतोय? आम्ही त्याला काही विकणार नाही म्हणावं."

लॉरीननं सांगितलं. क्रेग मोठ्यानं हसला, आणि ते हसणंही सायमनचंच निघालं. मावशीनं हातातली भाकर ताटात ठेवली.

जेवण झाल्यावर त्यानं टेबलावर कागद पसरला. टेबल पुरेना. सात पिढ्यांची वंशावळ, सरकारनं चेरोकी लोकांना जुन्या मुलखातून पायी हाकललं त्याच्याही आधीपासूनची. त्या वाटेवर मेलेल्या एका खापरपणजीचं नाव, कुणाची जमीन कुठल्या ओढ्याला लागून होती, कुणी कुणाशी दुसरं लग्न केलं. लॉरीनला यातलं अर्धंही माहीत नव्हतं. तिला वाटलं, मेलेली सगळी माणसं याला तोंडपाठ आहेत. जिवंतांपैकी मात्र त्याला ती आणि मावशी अशी दोनच माणसं ठाऊक होती, तीही अजून कागदावरच्या चौकटीतली.

"ताई, इथं तू," तो म्हणाला. "ऑली आणि सायमन, त्यांच्या खाली तू आणि मी. आपण दोघंच."

फोनवरच्या दुसऱ्या बोलण्यापासूनच तो तिला ताई म्हणायला लागला होता. तिला ते आवडलं होतं. कुणाला सांगितलं नसतं, पण आवडलं होतं.

त्याला चेरोकी नेशनचं, म्हणजे जमातीचा माणूस असल्याचं, कार्ड हवं होतं. "फुकटचा दवाखाना मिळावा म्हणून नाही," तो पुन्हा पुन्हा म्हणायचा. दत्तकाची फाइल कोर्टात बंद होती. ती उघडायची तर इथं रक्ताचं माणूस आहे हे दाखवायला हवं, असं त्याच्या वकिलानं सांगितलं. म्हणून लॉरीनही नळीत थुंकली. "सगळं मीच बघतो, तुला त्या वेबसाइटच्या भानगडीत पडायला नको," असं म्हणून त्यानं तिचं खातंही स्वतःच्याच नावाखाली उघडलं. थुंकताना तिला हसू आलं. "एवढ्याशा थुंकीत काय कळणार?"

"सगळं कळतं," क्रेग म्हणाला.

हिवाळाभर तो येत-जात राहिला. जवळच्या तालेक्वा गावात त्यानं एक खोली भाड्यानं घेतली, चेरोकीच्या शिकवणीला नाव घातलं. चर्चमधली माणसं त्याला बघून खूश व्हायची. हिरावून नेलेलं मूल परत आलं, ही गोष्ट कुणाला आवडणार नाही? गाण्यांच्या मेळ्यात त्याला पुढं बसवलं. पाद्र्यानं त्याच्यासाठी प्रार्थना केली. लॉरीन नेहमीसारखी मागं, स्वयंपाकघराच्या दाराशी. त्यातही तिला वाईट वाटलं नाही. तिनं त्याच्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. मे महिन्यात सगळे थडगी साफ करायला, फुलं वाहायला जमतात, तेव्हा आईच्या थडग्यापाशी उभं करून त्याला त्याचं घरचं नाव सांगायचं. थोरल्या भावंडानंच ते सांगायचं असतं, म्हणून मावशीनंही तोंड उघडलं नव्हतं.

एप्रिलच्या सुरुवातीला लॉरीन कोंबड्यांचं खाद्य आणायला गेली. दुकानासमोर रॉयस किट्रेलचा ट्रक उभा होता. किट्रेलांची स्ट्रॉबेरीची बाग गावात कुणाला माहीत नाही? लॉरीनच्या आईनं तिथं बेरी तोडल्या होत्या, लॉरीननं तोडल्या होत्या, तिच्या मुलीनंही एक उन्हाळा तोडल्या होत्या. म्हातारा किट्रेल कधीच गेला. रॉयस त्याचा मुलगा, लॉरीनहून तीन-चार वर्षांनी मोठा. इतक्या वर्षांत दोघांचं बोलणं पावसापाण्याच्या पुढं गेलं नव्हतं.

तो ट्रकमधून उतरला आणि सरळ तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"लॉरीन, सरळ विचारतो. तुला काय पाहिजे?"

तिला वाटलं, दुकानातलं विचारतोय. "कोंबड्यांचं खाद्य."

"चेष्टा करू नकोस. माझ्या पुतणीला तुझ्या त्या भावानं काय लिहिलंय, ते तुला माहीत नाही म्हणतेस?"

"काय लिहिलंय?"

त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. तिला खरंच माहीत नाही हे त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण त्याचा आवाज उतरला आणि त्यामुळं तो जास्तच चिडला. "माझा बाप चाळीस वर्षं चर्चचा डीकन होता. हजार माणसं आली होती त्याच्या अंत्यविधीला. आणि आता कुणीही उठावं आणि…" त्यानं खिशातून फोन काढला, बोटानं काहीतरी सरकवलं आणि तिच्या डोळ्यांपुढं धरला. "हे बघ. जगातला कुणीही बघू शकतो हे."

क्रेगची तीच वंशावळ होती, आता इंटरनेटवर. फक्त लॉरीनच्या चौकटीवरून सायमनकडं जाणारी रेघ आता सायमनकडं जात नव्हती. ती बाजूला वळून एका नव्या चौकटीला लागली होती. हार्लन किट्रेल. त्याच्या खाली रॉयस, रॉयसचा मेलेला भाऊ, आणि लॉरीन.

तिला अक्षरं दिसत होती, पण ती बघत होती ती फोन धरलेल्या अंगठ्याकडं. बुटका, रुंद, आडव्या नखाचा. तसाच अंगठा तिच्या डाव्या हाताला होता. टीहींच्या घरात दुसऱ्या कुणाला नव्हता. सायमन त्याला बेडकाचं डोकं म्हणायचा आणि झोपताना त्याचा पापा घ्यायचा.

"मला काही नको," ती म्हणाली.

"मग ते काढायला सांग त्याला. नाहीतर माझा वकील सांगेल." तो ट्रकमध्ये चढला, पण लगेच गेला नाही. काचेतून तिच्याकडं बघत राहिला, जसं माणूस विकायला आलेल्या जनावराकडं बघतं. मग गेला.

लॉरीन खाद्य न घेताच निघाली. घरी गेली नाही, मावशीकडं गेली. मावशी ओसरीत बसून दगडावर हिकरीचे अक्रोडासारखे दाणे फोडत होती.

"मावशी, हार्लन किट्रेल माझा कोण?"

मावशीचा हात थांबला नाही. आणखी दोन दाणे फोडले, टरफलं झटकली. "कुणी काढलं हे?"

"क्रेगनं. थुंकीतून."

"तो परक्यांत वाढला, म्हणून बोलला. आपल्यात वाढला असता तर गप्प बसायला शिकला असता."

"म्हणजे खरं आहे."

"बस आधी."

"मी उभीच बरी आहे."

मावशीनं दगड बाजूला ठेवला. "बेरीच्या हंगामात आम्ही दोघी तिथंच राहायचो, मजुरांच्या खोपटांत. मी पंधरा-सोळाची, ऑली सतरा संपलेली. त्यानं तिला पेट्या लावायला शेडमध्ये बोलावलं. एकदा नाही, तो सगळा हंगाम. तिला कुणी विचारलं नव्हतं, लॉरीन. तुला कळावं म्हणून सांगते, नाहीतर तू भलतंच धरून बसशील. कुणाला सांगणार? शेरीफ त्याच्याच टेबलावर जेवायचा."

"बाबांना माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं. सायमननं तिचं पोट दिसत असताना लग्न केलं. त्याची आई म्हणाली, कशाला दुसऱ्याचं ओझं घेतोस. तो म्हणाला, मला तर एकाच्या भावात दोघं मिळताहेत." मावशी किंचित हसली, मग तिचं हसू गेलं. "तू टीही आहेस. आणि कूळ म्हणशील तर आपल्यात ते आईचं लागतं. आई एक म्हणजे भावंडं. हे सावत्र, अर्धं, पाऊण त्या लोकांचं. आपल्या भाषेत त्याला शब्द तरी आहे का?"

पण लॉरीनच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. तिला विचारायचं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं.

"योना गेला, त्याच्या आधी आई माझ्याशी कशी होती?"

मावशीनं दगड पुन्हा हातात घेतला.

"मावशी."

"तू झालीस तेव्हा तिनं भिंतीकडं तोंड केलं," मावशी म्हणाली. "मी होते तिथं. सुईण म्हणाली, पोरीला घे. तिनं घेतलं नाही. सायमननं घेतलं. दूध पाजायला तो तिच्या कुशीत ठेवायचा आणि झालं की उचलून न्यायचा. मग योना झाला. त्या दिवशी तुझी आई हसली. लग्नानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं ते तेव्हा."

लॉरीन ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. बरीच वर्षं वापरून गुळगुळीत केलेली ती आधीची आई, मांडीवर घेणारी, एका वाक्यात गेली. तशी कुणी नव्हतीच. भावाच्या जाण्यानं आई तिच्यापासून तुटली नव्हती. जोडलेलीच कधी नव्हती. आणि सरकारनं दोन मुलांतलं एक नेलं, तेही नेमकं तिला हवं होतं तेच.

"तिचा तरी काय दोष?" मावशी म्हणाली.

"मी कुठं काय म्हणतेय," लॉरीन म्हणाली. तेवढंच बोलून ती गाडीत जाऊन बसली.

शनिवारी क्रेग आला. हातात दुकानातल्या पेकनच्या मिठाईचा खोका होता. दारातच त्यानं तिचं तोंड पाहिलं आणि तो समजला.

"कुणी सांगितलं?"

"रॉयस किट्रेलनं. कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानासमोर."

तो खुर्चीत बसला.  "ताई, माझं चुकलं. मी तुला आधी सांगायला हवं होतं. मला आधी खात्री करायची होती. त्याच्या पुतणीचं रक्त तुझ्याशी जुळलं, म्हणून मी तिला नुसतं विचारलं, आजोबांविषयी…"

"माझ्या थुंकीविषयी तू तिला विचारलंस. मला नाही."

"हो."

"बरं. आता ती रेघ पुसून टाक. होती तशी कर."

 इतक्या महिन्यांत लॉरीन त्याला ओळखायला लागली होती. त्याचं उत्तर नाही असणार हे तिला कळत होतं.

"तू म्हणशील तर मी ती चौकट झाकून ठेवतो, बाहेरच्या कुणाला दिसणार नाही," तो म्हणाला. "पण खोटं लिहिणार नाही. माझ्याच्यानं होणार नाही ते. साठ वर्षं मी खोट्या जन्मदाखल्यावर जगलो. त्यावर लिहिलं होतं की मला एका स्वीडिश बाईनं जन्म दिला. कोर्टाचा शिक्का होता त्यावर. आरशात बघायचो आणि मला वाटायचं मी वेडा आहे. आता पुन्हा कुणाच्या नावापुढं मी खोटं लिहू?"

"तुझं खोटं दुसऱ्यांनी तुझ्यावर लादलं. माझं माझ्या बापानं माझ्यासाठी रचलं. दोन्ही एकाच मापानं मोजतोस?"

"मला कळतंय तुला काय म्हणायचंय."

"नाही कळत. सायमन टीही माझा बाप आहे."

"सायमन टीही माझा…" तो बोलून गेला आणि थांबला.

कोंबड्या बाहेर कलकलत होत्या. त्यानं काय म्हटलं ते त्यालाही ऐकू आलं असावं. तो मिठाईचा खोका इकडून तिकडं सरकवत बसला. सायमनचे खांदे, सायमनची मान. जे तिचं नव्हतं ते सगळं अंगावर घेऊन हा माणूस तिच्या खुर्चीत बसला होता, आणि आईही याचीच होती, पुरती.

मग त्यानं विषय बदलला. त्याला समेट करायचा होता. मन त्याचं वाईट नव्हतं. "ताई, एक विचारू? इतके दिवस धीर झाला नाही. शिकवणीत म्हणाले, प्रत्येक मुलाला घरचं नाव असतं. आई मला काय म्हणायची? मी गेल्यावर… माझं नाव काढायची का?"

लॉरीन त्याच्याकडं बघत राहिली. एवढी वंशावळ, एवढी कोर्टाची फाइल, थुंकीत सगळं कळतं म्हणणारा हा माणूस, आणि हे त्याला कुठंच सापडलं नव्हतं. सापडणारही नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तू गेल्यावर तिनं तुझं नाव कधी काढलं नाही. घरचं नाव ठेवलंच नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायची, मला एकच मुलगी."

हे वाक्य आईच्या तोंडून ऐकायला लॉरीननं काय दिलं नसतं. बोलताना ते तिला इतकं खरं वाटलं की तिचा आवाज मुळीच हलला नाही.

क्रेगनं मान हलवली. एकदा, दोनदा. "मला वाटायचंच," तो म्हणाला. "लहानपणापासून वाटायचं. टाकून दिलं म्हणून. मग तुम्ही दोघींनी सांगितलंत की तिला फसवलं, तेव्हा वाटलं…" तो उठला. खोका टेबलावरच राहिला. दारात वळून तो म्हणाला, "खरं सांगितलंस, बरं केलंस."

मे महिन्यात थडग्यांपाशी सगळे जमले. क्रेग आला नाही. लॉरीननं आईच्या थडग्यावरचं गवत काढलं, सायमनच्या थडग्यावरचं काढलं, दोघांना सारखीच फुलं ठेवली. मावशी घडीच्या खुर्चीत बसून बघत होती.

"पोरगा कुठंय?"

"काम असेल काही."

"नाव सांगितलंस ना त्याला?"

"सांगितलं," लॉरीन म्हणाली.

मावशीनं तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. पण तिचं गप्प राहणं जुन्या वळणाचं होतं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

उन्हाळ्यात लॉरीनच्या मुलीनं फोनवर सांगितलं की ती वंशावळ दिसेनाशी झाली. नुसती लॉरीनची चौकट झाकली असं नाही. सातही पिढ्या गेल्या. रॉयस किट्रेलचा वकील काही आला नाही, यायचं कारणही उरलं नव्हतं. तरी गावात ज्यांना कळायचं होतं त्यांना कळलं होतं. चर्चच्या स्वयंपाकघरात बायका एकदम विषय बदलायच्या, आणि लॉरीनच्या ताटात मुद्दाम मोठा तुकडा वाढायच्या.

ऑक्टोबरात बर्डीमावशी झोपेतच गेली. क्रेगला कळवायचं काम पाद्र्यानं केलं. तो आला. खोलीचं भाडं सोडून तो नेब्रास्काला परतला होता आणि तिथून रात्रभर गाडी चालवत आला होता. थडग्यात माती लोटणाऱ्या पुरुषांत त्यानंही फावडं घेतलं. वजन उतरलं होतं. त्यामुळं तो आणखीनच सायमनसारखा दिसत होता, शेवटच्या वर्षातल्या सायमनसारखा.

नंतर चर्चच्या मागच्या खोलीत पानं मांडली. तो लॉरीनपाशी आला. "लॉरीन," तो म्हणाला. ताई नाही. "ती वंशावळ काढून टाकली मी."

"कळलं मला."

"तुझं बरोबर होतं. जिनं मला एकदाही आठवलं नाही, तिच्या मागच्या पिढ्या खोदून मी काय करत होतो, कुणास ठाऊक." त्यानं पाकिटातून कार्ड काढून तिला दाखवलं, चेरोकी नेशनचं, नवं कोरं, त्याचा फोटो असलेलं. "हे आलं जुलैत. अजून कुणाला दाखवलं नव्हतं."

"बरं झालं," ती म्हणाली.

आता सांगता आलं असतं. तोंडात शब्द आला होता, दोनच अक्षरांचा. मावशी मातीखाली गेली होती. तो शब्द ठाऊक असलेलं दुसरं कुणी उरलं नव्हतं. लॉरीननं श्वास घेतला. तेवढ्यात पाद्र्यानं खोलीच्या त्या टोकाकडून चेरोकीत काहीतरी म्हटलं आणि माणसं भिंतींच्या कडेनं उभी राहिली.

"काय म्हणतात ते?" क्रेगनं विचारलं.

"घरच्यांनी आधी वाढून घ्या म्हणतात."

तो तिच्याकडं बघत उभा राहिला. वाढून घ्यावं की भिंतीशी जावं, ते त्याला तिच्याकडून हवं होतं. साठीतला माणूस, शाळेत पहिल्या दिवशी आणून सोडलेल्या पोरासारखा.

"घे ना मग," लॉरीन म्हणाली. "भूक लागली असेल."

त्यानं वाढून घेतलं, आणि लांबच्या टेबलावर, फावडी मारून आलेल्या तरुण पोरांत जाऊन बसला. पोरं त्याला काहीतरी विचारत होती, तो हसून उत्तरं देत होता. भांडी घासायला लॉरीन आत गेली. ती बाहेर आली तेव्हा त्याची गाडी नव्हती. त्यानं निरोप ठेवला नव्हता, आणि तिनंही पुढं कधी फोन केला नाही.

त्या आठवड्यात तिचं कोंबड्यांचं खाद्य संपलं. दुकानात रॉयस किट्रेल गल्ल्यापाशी उभा होता. तिला बघून त्यानं टोपीला हात लावला, मावशीचं ऐकलं म्हणाला, वाईट झालं. ती हो म्हणाली. थंडी लवकर पडणार असं दिसतंय, तो म्हणाला. तीही म्हणाली, दिसतंय तसंच. मग त्यानं तिची पोती उचलून तिच्या गाडीत ठेवली आणि तिनं ठेवू दिली.